साहेब नसलेला मुक्काम

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी चार-पाच वर्षांचा असताना वडील कल्याणहून त्यांचे गठ्ठे आणत आणि भाताच्या कणगीत खाली दडवून ठेवत. पोलीस येऊन कणगीत काठी खुपसत, पण सगळं भात उपसायचा त्यांना कंटाळा यायचा. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. स्वतःच्या स्वतः वाचलेला माझा पहिला शब्द 'बंधूंनो' हा होता. शाळेतली बाकीची पोरं 'कमळ' आणि 'गवत' गिरवत असताना मला 'जुलूम' लिहिता येत होतं, आणि त्याचा मला केवढा तरी अभिमान होता.

वडील गेले, पत्रकं राहिली. पुढे मी मॅट्रिक झालो, कल्याणला राहून आणखी पत्रकं वाचली, आणि एकोणिसाव्या वर्षी, दुसरी मोठी लढाई चालू असताना, गावी परत आलो तो गाव बदलायलाच. किन्हवलीहून मुरबाडच्या अंगाला निघालं की दीड-दोन कोसांवर आमचं गाव. घरात वहिनी आणि तिची आठ वर्षांची मुलगी. दादा आटगावला रेल्वेच्या गँगमध्ये होता, तो आठवड्याने यायचा.

त्या वर्षी चैत्रात मी आमच्या परसात मुलांचं एका रात्रीचं शिबिर भरवायचं ठरवलं. या शिबिरापायी एका बाईची अंड्यांवर बसलेली कोंबडी उठवली गेली. तेरा अंडी होती आणि पिल्लं निघायला तीन दिवस उरले होते. ती अंडी वाचली की नाही, एवढीच खरं म्हणजे ही हकिगत आहे. पण ती सांगायची तर माझा मूर्खपणाही सांगावा लागतो, आणि तो कुठे सुरू झाला हे मला आजही नक्की ठरवता येत नाही.

शिबिराची कल्पना एका आठ पानी पत्रकातली. मुलांनी एक रात्र तरी घराबाहेर, तंबूत, एकमेकांच्या सोबतीने काढावी, म्हणजे भीती जाते, आपला-परका हा भेद मोडतो, असं त्यात होतं. हुकूम कुणी कुणाला करायचा नाही, कामं वाटून घ्यायची. प्रत्येकाने आपली घोंगडी, आपला विळा आणि आपली भाकरी बरोबर आणायची, शिवाय सगळ्यांच्या जेवणासाठी घरातली एक वस्तू. मी ते इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर कागद फाटला होता.

वहिनी तांदूळ पाखडत होती. मी तिला सगळं वाचून दाखवलं.

"भावजी, एक इचारू? घरात निजायला जागा नाय काय?"

"आहे की."

"मंग पोरांना परसात कशाला निजवताय?"

"नुसतं परसात नाही वैनी, तंबूत."

"तंबू कुनाचा?"

"आणीन मुरबाडहून कुणाचा तरी."

"म्हंजे घर सोडून परसात जायचं, आन परसात पुना कापडाचं घर बांधायचं." तिने सूप खाली ठेवलं. "कल्यानला ह्येच शिकवलं काय तुमाला?"

मी भेद मोडण्याबद्दल बोललो. बराच वेळ बोललो. शेवटी ती म्हणाली, "मोडा काय मोडायचं ते. माझा दुधीचा वेल तेवढा मोडू नका." ही परवानगी होती असं मी धरून चाललो.

पुतणीने आळीतली चार पोरं गोळा केली. त्यांच्यापुढे मी जागा समिती, पाणी समिती, सरपण समिती अशी यादी केली. पोरांनी ऐकून घेतलं. मग पुतणीने विचारलं, "काका, पन राखायचं काय?"

"म्हणजे?"

"रातचं बाहेर निजायचं म्हंजे कायतरी राखायचं ना? डुकरं येतील का? का खळ्यात भात हाय कुनाचं?"

आमच्याकडे भात पिकायला लागलं की पोरं बापाबरोबर शेतातल्या माळ्यावर निजायला जातात, डुकरं हाकायला. उघड्यावर निजणं म्हणजे राखण, एवढंच तिला ठाऊक.

"काही राखायचं नाही," मी म्हणालो.

"मंग जागं कोन ऱ्हानार?"

"कुणीच नाही. सगळ्यांनी झोपायचं."

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. एक मुलगा हळूच म्हणाला, "मंग घरात काय वायट हाय?" मला याचं उत्तर येत होतं, पण ते मोठ्या माणसांसाठी लिहिलेलं उत्तर होतं. पुतणीने आपलं आपणच ठरवलं की वेल राखायचा, आणि राखणीची एक समिती वाढवून घेतली.

भेद मोडायचा तर आळीतली चार पोरं पुरणार नव्हती. आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याला, ठाकरांची वाडी आहे, पंधरा-वीस झोपड्यांची. तिथली पोरं आमच्या परसात आमच्या पोरांच्या शेजारी झोपली पाहिजेत, तर ते शिबिर. मी दोन दिवस आधी वाडीवर गेलो. कल्याणला घेतलेली खाकी अर्धी चड्डी घातली होती, गळ्यात शिट्टी, हातात वही. मला वाटत होतं, मी अगदी पत्रकातल्यासारखा दिसतोय.

मला लांबून पाहताच वाडीतली बोलणी थांबली. माणसं उठून उभी राहिली. वाडीतला एक म्हातारा पुढे आला.

मी म्हणालो, "परवा संध्याकाळी खाली, मुरबाडच्या वाटेवरच्या घराच्या परसात तंबू लावायचा आहे. तुमची पोरं हवीत."

"तंबू किती?" म्हाताऱ्याने विचारलं.

हा प्रश्न मला फार आवडला. माणूस कामाचा होता. "एकच."

"घोडा?"

मी हसलो. "घोडा कशाला?"

"मोटार असंल," तो वळून मागच्या माणसांना म्हणाला. मग मला, "किती दिस?"

"एकच रात्र."

मागे उभी असलेली माणसं थोडी सैल झाली. मला वाटलं, त्यांना एक रात्र कमी वाटतेय. मी धीर दिला, "जमलं तर पुढच्या वेळी आठ दिवसांचं करू." सगळे पुन्हा ताठ झाले.

मी काय काय आणायचं ते सांगितलं: घोंगडी, विळा, आपली भाकरी, आणि सगळ्यांच्या जेवणासाठी घरातली एक वस्तू. सगळे माना हलवत होते, जणू ही यादी त्यांना पाठ होती. एक बाप पुढे येऊन म्हणाला, "माझी पोरगी लहान हाय. तिच्या बदली मी येतो."

त्याचा उत्साह पाहून माझा ऊर भरून आला. "मोठी माणसं नकोत," मी म्हणालो. "पोरंच हवीत." मग वही उघडून मी सात पोरांची नावं लिहून घेतली. एका माणसाने अंगठा पुढे केला. "अंगठा नको," मी म्हणालो, तर तो हात मागे घेईना. अंगठ्यावाचून नाव लिहिलं जातं हे त्याला पटत नव्हतं.

शेवटी एका झोपडीच्या दारातून एका बाईने विचारलं, "वस्तू कंची आणायची?"

"घरात जी चांगली असेल ती," मी म्हणालो. "आपल्याकडचं चांगलं तेच दुसऱ्याला द्यावं." हे वाक्य माझं स्वतःचं होतं. उतरताना मी ते दोन-तीनदा मनाशी म्हटलं.

शिबिराच्या आदल्या दिवशी पहाटे मी मुरबाडला गेलो. लग्नसराई होती. कनाती आणि तंबू भाड्याने देणाऱ्याकडे एक धड कापड शिल्लक नव्हतं. मी त्याला शिबिराचं महत्त्व सांगितलं. तो म्हणाला, "नवरा-नवरी कोण?" मी म्हणालो, नवरा-नवरी कुणी नाही, पोरं झोपणार आहेत. तो म्हणाला, "मग कापड कशाला?" त्या आठवड्यात हा प्रश्न मी कितव्यांदा ऐकला कोण जाणे. अखेर त्याने ठिगळं लावलेला एक कनातीचा तुकडा दिला. तो खांद्यावर टाकून उन्हातून चालत दुपारी मी घरी पोचलो.

परसात पाऊल टाकलं आणि मी थबकलो. आपण चुकून दुसऱ्याच्या घरी आलो असं क्षणभर वाटलं.

जमीन सारखी करून शेणाने सारवलेली होती. कडेला तीन चुली मांडलेल्या. त्यांच्याजवळ सरपणाची रास, लांबीने सारखी तोडलेली. आमच्या घरातला रांजण आणि दोन हंडे भरून ओळीने ठेवलेले. मधोमध खांब पुरून, वर पानांच्या डहाळ्या घालून मांडव केलेला. आणि मांडवाच्या बाजूला थोडा आडोसा करून त्यात एक जाड खुंटा ठोकलेला. कुंपणाशी वाडीची सात पोरं ओळीने उकिडवी बसली होती, एक शब्द न बोलता. वेलाच्या बाजूला आमची पुतणी आणि आळीतली पोरं तेवढीच गप्प उभी होती.

माझे डोळे भरून आले. कुणी हुकूम न करता, कुणी लक्ष न ठेवता, पोरांनी आपण होऊन हे केलं होतं. पत्रकात लिहिलं होतं ते खरं होतं.

"तुम्ही उद्या यायचं होतं ना?" मी वाडीतल्या पोरांना विचारलं.

त्यातली सगळ्यात मोठी, दहाएक वर्षांची मुलगी उभी राहिली. "आदल्या दिशीच यायला लागतं."

"कुणी सांगितलं?"

ती खुंट्याकडे बघायला लागली.

"आणि हा खुंटा कशाला?"

"घोड्याचा."

"घोडा नाही म्हटलं होतं ना मी?"

"आसं म्हनत्यात," ती म्हणाली, "आन मंग येतो."

मला काही समजेना. तेवढ्यात वहिनी पाण्याची खेप घेऊन आली. हंडा उतरवताना तिची नजर त्या खुंट्याकडे गेली. खुंट्याला पायाने बांधलेली एक तांबडी कोंबडी होती. कोंबडी पिसं फुलवून, आवाज करत, जमिनीवर बसायला पाहत होती आणि पुन्हा उठत होती. वहिनीने जाऊन तिला उचललं, उलटी केली, पोटावर हात ठेवला.

"अगो बया," ती म्हणाली. "ही तर अंड्यांवरची हाय. प्वाट बघा कसं तापलंय, पिसं झडलीत. कुनाची गो ही?"

"आमची," तीच मुलगी म्हणाली.

"अंडी किती?"

"तेरा."

"किती दिस झाले बसवून?"

"आठरा."

"आठरा!" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "एकविसाव्या दिशी पिल्लं बाहेर पडत्यात, भावजी. आन ही कोंबडी हितं खुंट्याला." मग मुलीला म्हणाली, "आणलीस कशाला गो? दुसरी नव्हती?"

"दुसरी नाय." तिने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. "ह्यांनी सांगितलं, चांगली आणा."

"मी? मी कोंबडी आणायला सांगितली?"

"सायेब कोंबडीच खातो ना," दुसरं एक पोरगं ओळीतून म्हणालं.

"कोण साहेब?"

पोरांनी मोठ्या मुलीकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं. मुलगी म्हणाली, "ज्याचा तंबू, तो."

वहिनीला माझ्या आधी कळलं. तिने तोंडाला पदर लावला, आधी हसायला, आणि मग ती हसली नाही. "भावजी, जंगलचा सायेब मुक्कामाला येतो तवा हेच करावं लागतं त्यांना. आदल्या दिशी यायचं, जागा सारवायची, लाकडं-पानी भरायचं. इळा आपला, भाकर आपली. वर कोंबडी द्यायची." तिचं लक्ष माझ्या खाकी चड्डीकडे गेलं. "त्यांनी तुमाला सायबाचा शिपाई धरलंय."

वेठ. हा शब्द मी किती वेळा लिहिला होता! वेठीवर मी स्वतः एक पत्रक लिहून कल्याणला छापायलाही दिलं होतं. त्यात मी वेठीला कलंक म्हटलं होतं, गुलामगिरी म्हटलं होतं. पण वेठीला माणसं बोलावतात ती कुठल्या शब्दांत, हे मला माहीत नव्हतं. आणि मी वाडीवर जाऊन नेमके तेच शब्द बोलून आलो होतो.

मी तिथेच बसलो. माफी मागावी तर कोणत्या नात्याने? त्यांच्या लेखी मी शिपाई, आणि शिपाई माफी मागायला लागला तर ती पोरं आणखी घाबरली असती.

"बसून काय ऱ्हायलाय?" वहिनी ओरडली. "अंडी गार पडतील. उठा. हिला घेऊन वर जा."

तिने कोंबडी एका पाटीत घालून वर फडकं बांधलं आणि पाटी माझ्या हातात दिली. वाडीच्या बाकीच्या पोरांना तिने भात शिजवून घालायचं ठरवलं, म्हणून ती पोरं तिथेच राहिली. मी आणि ती मुलगी निघालो. ऊन डोक्यावर होतं. कोंबडी आतून फडक्याला चोच मारत होती आणि मी पाटी धरून धावत होतो. मुलगी माझ्या मागे आरामात चालत होती.

"कोंबडी किती वेळ उठली तर अंडी खराब होतात?" मी विचारलं.

"म्हाईत नाय. कुनी उठवत नाय."

थोड्या वेळाने मी म्हणालो, "हे बघ, साहेब येणार नाही. तंबू माझा. तुम्ही झोपायचं होतं त्यात."

"आमी?"

"हो. मजेसाठी. तू रात्री बाहेर झोपतेस का कधी?"

"उन्हाळ्यात समदीच झोपत्यात. आत उकडतं."

हे मला सुचलंच नव्हतं. पत्रकातही नव्हतं. "मग तंबूत झोपायला आवडलं असतं तुला?"

तिने खरंच विचार केला. "आन सायेब कुठं झोपंल?"

मी पाटी घट्ट धरून पुन्हा धावायला लागलो.

वाडीत शिरलो तशी माणसं पुन्हा उठून उभी राहिली. सगळी उठली, फक्त त्या मुलीची आई उठली नाही. ती आपल्या दारात, भिंतीला टेकून, मांडी घालून बसली होती. तिने मला पाहिलं, माझ्या हातातली पाटी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "दुसरी नाय माज्याकडं," ती म्हणाली. "ही नसंल चालत तर काय करू? दुसरी नाय."

"तुमची कोंबडी परत आणलीय."

"का? काय कमी पडलं?"

"काही कमी नाही पडलं. मला नकोच आहे ती."

म्हातारा जवळ आला होता. "कोंबडी नको तर काय पायजेल?"

माझा संयम सुटला. रागावलो होतो मी स्वतःवर, पण बोललो त्यांना. मी पाटी खाली ठेवली आणि तिथेच उभा राहून भाषण सुरू केलं. वेठ हा जुलूम आहे, ती कायद्यात नाही, साहेब असो की सावकार, त्याला सांगायचं की नाही येत. तुम्ही मला पाहून उठता कशाला? मी कोण लागून गेलोय? आणि मग माझं लक्ष त्या बाईकडे गेलं, आणि मला दाखला सापडला. "या बाईकडे बघा!" मी म्हणालो. "सगळे उठले, ही उठली नाही. हा खरा ताठ कणा. असं बसून राहायला शिका!"

"व्हय सायेब," म्हातारा म्हणाला.

बाई माझ्याकडे बघत होती, मी काय बोलतोय ते तिला मुळीच कळत नसल्यासारखी. मुलगी मात्र माझ्या बोलण्याकडे लक्षच देत नव्हती. तिने पाटी उचलून आईपुढे नेली. "आय, उठ आता."

"थांब. आदी गवताची पाटी आन आतली."

मुलीने आतून गवत घातलेली पाटी आणली. बाईने लुगड्याचा ओचा हळूहळू सोडला. आत चिंधीत गुंडाळलेली अंडी होती. सकाळी कोंबडी गेल्यापासून बाई ती अंडी पोटाशी धरून, एका जागी, हालचाल न करता बसून होती. पाणी प्यायलासुद्धा उठली नव्हती. एकेक अंडं काढून तिने गालाला लावलं आणि गवतात ठेवलं. माझं भाषण कुठे थांबलं ते मला आठवत नाही.

कोंबडी सोडली. ती पाटीच्या काठावर चढली, उतरली, अंगणात जाऊन दाणे टिपू लागली. बाईने तिला पकडून पुन्हा अंड्यांवर ठेवलं. ती पुन्हा उठली. वाडीतली सगळी माणसं बघत उभी होती. मी पुढे होऊन विचारलं, "बसेल ना? नाही बसली तर काय करायचं? मी काही..."

"आता कुनी बोलू नका," बाई म्हणाली. ते मला उद्देशून होतं. तिने वरून मोठी टोपली पालथी घातली, अंधार केला. आतला आवाज हळूहळू कमी झाला. मग थांबला.

म्हाताऱ्याने मला बाजूला नेलं. "मंग उद्याचा मुक्काम हाय का नाय?"

"तुम्हाला हवा असेल तर आहे."

"आन आमाला नको आसंल तर?"

"तर येऊ नका."

तो घोटाळला. "आन वहीत नावं हायेत, त्याचं?"

मी खिशातली वही काढून त्यातलं नावांचं पान फाडून त्याच्या हातात दिलं. मला वाटलं, हे तरी त्याला पटेल. त्याने कागद दोन्ही हातांनी धरला, उलटासुलटा केला. "हे आता आमी कुठं ठेवायचं?" त्याने विचारलं. "कुनी मागायला येनार का?" मी म्हणालो, जाळून टाका. तो आणखीच गोंधळला. नावं लिहिलेला कागद स्वतः सरकारी माणूस जाळायला सांगतो, यात काहीतरी डाव असणार हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी निघालो तेव्हा तो कागद तसाच धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी वाडीवरून कुणी आलं नाही. आळीतली चार पोरं आणि पुतणी वाडीच्या पोरांनी बांधलेल्या मांडवाखाली झोपली. मुरबाडचा तुकडा मी लावलाच नाही. त्या सारवलेल्या जमिनीवर मला मात्र झोपावंसं वाटेना. वेल राखणारी समिती दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात गाढ झोपली.

मला अंड्यांचा घोर लागला होता. पण वर जाण्याचा धीर होत नव्हता. गेलो तर पुन्हा माणसं उठून उभी राहणार. पाचव्या दिवशी वहिनीच म्हणाली, "जा आन बघून या एकदा. वही नको. आन ती चड्डी नको."

मी दादाचं धोतर नेसून गेलो. यावेळी दोघेच उठले, तेही अर्धवट. ती बाई अंगणात नाचणी निवडत होती. कोंबडी फिरत होती आणि तिच्यामागे पिल्लं. मी मोजली. नऊ होती.

"चार गेली," मी म्हणालो.

"व्हय."

"माझ्यामुळे?"

तिने मान वर केली. "तेरा बसवली की तेरा निगत्यात व्हय?"

हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, की तसंच असतं म्हणून, की साहेबाच्या माणसाशी वाद नको म्हणून? मला ओळखता येईना. मी उभाच राहिलो. मी जात नाही हे पाहून तिने हातातलं सूप ठेवलं, वाकून एक पिल्लू पकडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घ्या."

घेतलं तर मी वेठच घेतली. आणि ती खरंच खुशीने देत असेल तर? मग नको म्हणणं म्हणजे तिचा अपमान. तिच्या मुलीकडे पाहिलं, ती खांदे उडवून दुसरीकडे बघायला लागली. पिल्लू बाईच्या मुठीत चिवचिवत होतं.

"कुणाला देताय हे?" मी विचारलं. "साहेबाला?"

"तुमी सायबाचं न्हवं?"

"नाही हो. तेव्हाही नव्हतो."

"मंग तुमी कोन?"

कार्यकर्ता, बंधू, सेवक असे पुष्कळ शब्द मनात आले. त्यातला एकही मला तिच्यापुढे उच्चारता येईना. "गँगवाल्याचा भाऊ," मी म्हणालो. "खाली, मुरबाडच्या वाटेवरचं घर. त्या दिवशी पोरांना भात घातला ती माझी वहिनी."

"ती? उसनं मीठ देती ती?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, धोतराकडे जरा जास्त वेळ. "तिचा दीर तू?"

"हो."

"मंग तुला कशाला देऊ?" ती म्हणाली, आणि पिल्लू खाली सोडून दिलं. ते धावत कोंबडीच्या पोटाखाली शिरलं. बाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, आणि मी अजून उभा आहे हे पाहून म्हणाली, "उन्हात कशाला हुबा? बस नायतर जा."

मी थोडा वेळ बसलो.